झुपक्याची सरदारकी

एका राज्यात वारा कुत्र्याच्या शेपटीला बांधलेला होता. हसू नका, आधी ऐका. राज्याचं नाव सांगायची मला मनाई आहे, आणि वारा बांधला कुणी म्हणाल तर ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी जोगीण आली होती म्हणतात. बांधला एवढं खरं. राजवाड्याच्या मागच्या आवारात कुत्रा आनंदाने शेपूट हलवी आणि राज्यभर वारा वाहे. थोडी हलवली तर झुळूक, जोरात हलवली तर होड्यांची शिडं फुगत. कुत्रा झोपला की वारा पडे, मग माणसंही घटकाभर आडवी होत. कुणाचं काही अडत नसे.

ज्या वेळची ही गोष्ट, त्या वेळच्या कुत्र्याचं नाव झुपक्या. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि शेपूट अशी भरघोस की अंगण झाडायला कुणीही मागून न्यावी. तो जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली. तेव्हा आवारात शेळ्या राखणाऱ्या सगुणीने पिलाला पदरात घेतलं. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवायची आणि त्याच्या तोंडात धरायची, असं एकवीस दिवस केलं. सगुणीचा नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. तिचा सगळा जीव त्या कुत्र्यात. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे ती राजाशी का भांडली ते पुढे मला कुणी विचारायचं नाही.

पहाटे सगुणी शेळ्या घेऊन माळावर निघे आणि झुपक्या तिच्या पुढे. ऊन चढेस्तोवर तो धावे, बिळं हुंगे, माती उकरी, सरड्यांना उगीच घाबरवी. परत आल्यावर सगुणी भाकरी कुस्करून हाडांच्या पाण्यात भिजवून त्याच्यापुढे ठेवी, दिवेलागणीला पुन्हा तेवढीच. मीठ नाही, मसाला नाही, गोड तर नावालाही नाही. दिवस कलला की राजा मणिकेतू स्वतः आवारात येई. दिवसभराच्या कारभाराने त्याचं डोकं उठलेलं असे. मग राजा झुपक्याला घेऊन बागेत फिरे आणि जे प्रधानाला सांगता येत नाही ते सारं कुत्र्याला सांगे. कुत्रा मान वाकडी करून ऐके, मध्ये बोलत नसे. असा प्रधान मिळाला असता तर राजे लोकांनी कुत्रे पाळलेच नसते म्हणा!

एकदा काय झालं, बागेत गवताखाली झाकलेला जुना आड होता, राजाचा पाय त्यात गेला. राजा एका मुळीला लोंबकळून राहिला. झुपक्याने एवढा गलका केला की मुदपाकखान्यातले आचारी पळी-झाऱ्यासकट धावत आले. दोर टाकून राजाला वर काढलं.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात राजा उभा राहिला आणि म्हणाला, "ज्याने आमचे प्राण वाचवले, त्याला आम्ही सरदारकी देतो."

दरबाराने टाळ्या वाजवल्या. त्या राज्यात सिंहासनावरून दिलेला मान परत घेता येत नसे, म्हणून टाळ्या वाजवण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. राजाने खजिन्यातून सोन्याचा गळपट्टा मागवला. त्याला नऊ रत्नं आणि तीन चाप. खजिनदार चाचरला.

"महाराज, हा निश्चलनाथ मांत्रिकाच्या ठेव्यातला. जुनी माणसं याला शापित म्हणत."

"शाप माणसांना लागतात," राजा म्हणाला. "कुत्र्याला कसला शाप?"

आणि गळपट्टा झुपक्याच्या गळ्यात पडला. तिन्ही चाप खट् खट् खट् बसले.

दरबारात धुंडोपंत नावाचे वृद्ध गृहस्थ होते. कुणाला कोणता रिवाज लागू, ते पोथीत बघून सांगणं हे त्यांचं काम. त्यांनी पोथी उघडली आणि खणखणीत वाचलं.

"सरदाराचे पाय भुईला लागू नयेत. सरदाराने धावू नये, उकरू नये. हलक्या माणसाने त्याला शिवू नये. त्याच्या दिशेने कुणी काही फेकू नये. दिवसातून चार वेळा पक्वान्नांचं ताट असावं. खुद्द राजाने सात पावलांवरून मुजरा घ्यावा, त्याहून जवळ जाऊ नये."

"आणि मी काय करू?" दाराशी उभी असलेल्या सगुणीने विचारलं.

"बाई, सरदाराला राखणदार नसतो. चवरीवाले असतात."

सगुणीला तिच्या शेळ्यांसकट गावाबाहेरच्या झोपडीत पाठवलं. जाता जाता ती चार वेळा मागे वळून ओरडली, "गोड देऊ नका हो त्याला! सकाळी पळवा त्याला!" पण सनया एवढ्या जोरात वाजत होत्या की कुणाला काही ऐकू गेलं नाही.

झुपक्याला पालखी आली, आठ भोई आले. त्याला लोडाला टेकवून बसवत. तो उतरू लागला की चार जण ओरडत, "सरदार, पाय! पाय!" सकाळी जिलबी, दुपारी श्रीखंड, तिसऱ्या प्रहरी मनुका घातलेला शिरा, रात्री तुपात पोहणारं मटण. त्याच्या डोक्यावरून कुणी हात फिरवीना, त्याच्याकडे साधी काटकी कुणी फेकीना. संध्याकाळी राजा येई, सात पावलांवर थांबे, मुजरा घेई आणि जाई. पहिल्या दिवशी त्याला पाहून झुपक्याने पालखी गदगदा हलवली. दुसऱ्या दिवशी नुसती शेपूट हलवली. पुढे शेपूट गादीवर पडली ती उठलीच नाही. माया कमी नव्हती हो कुणाची! पण अति तेथे माती, ती अशी.

वारा पडला. आधी लोक म्हणाले, सरदार झोपले असतील. मग म्हणाले, फारच झोपतात बुवा. आठ दिवस गेले, पंधरा गेले. खळ्यांवर मळलेल्या ज्वारीच्या राशी तशाच पडल्या. दाणा आणि भूस एकत्र. सूप उंच धरून ओतलं तरी दोन्ही सरळ खाली. चुलीचा धूर घरातून बाहेर जाईना, खोकून खोकून म्हाताऱ्या बेजार. होड्या नदीत जागच्या जागी उभ्या. पाऊस महिन्यावर आला होता. धान्य उफणून घरात गेलं नाही तर वर्षभर खायचं काय? राज्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सोळाव्या दिवशी चवरीवाला किंचाळला. झुपक्याचा पडका कान सोन्याचा झाला होता. दुपारपर्यंत उभा कानही तसाच झाला. दोन्ही कान पिवळेधमक, थंड आणि जड. हाक मारली तरी त्याला ऐकू जाईना.

राजाने दवंडी पिटवली, "जो झुपक्याची शेपूट हलवील त्याला अर्धं राज्य." वैद्य आले, काढे पाजून गेले. डोंबारी आले, उड्या मारून गेले. एकाने तर शेपटीला दोरी बांधून ती स्वतःच हलवली. त्याने वारा आला नाही, पण दरबारात त्या दिवशी तेवढंच एक हसणं झालं.

इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेर सगुणी दारात बसली होती. समोरच्या खड्यांमधून एक टिटवी तुरुतुरु चालत आली आणि म्हणाली, "सगुणीबाई, उठा. तुमच्या कुत्र्याचं सोनं होतंय."

सगुणी उठली. टिटवी बोलते याचं तिला नवल वाटलं नाही, ती काय सांगते याचंच वाटलं.

"नीट सांग."

"तो पट्टा निश्चलनाथाचा. त्याला हलणारं काही खपत नाही. पट्टा घातलेला जीव आनंद विसरला की आधी कान सोन्याचे होतात, मग पाठ, मग शेपूट. कान झाल्यापासून तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना शेपटीचं टोक सोन्याचं झालं की जीव गेला. मग तो मांत्रिक येतो आणि सोनं उचलून नेतो. माझ्या पणजीने त्याच्या वाड्यात सोन्याची हरणं पाहिली होती."

सगुणीने विचारलं, "आणि सुटका?"

"तीन चाप आहेत. एक पोटाच्या आनंदाने उघडतो, एक पायांच्या, एक मनाच्या. तिन्ही आनंद वेगवेगळे हवेत."

"तुला गं एवढी काळजी कशाची?"

"माझी चार अंडी आहेत खड्यांत. वारा नाही, खडे तापलेत. आई का तुम्ही एकट्याच आहात?"

सगुणी धावत दरबारात गेली. भालदाराने अडवलं तर त्याच्या भाल्याखालून वाकून गेली.

"महाराज, तीन दिवस झुपक्या माझ्या घरी द्या."

धुंडोपंत म्हणाले, "सरदार राखणदाराच्या घरी जात नसतो. तसा रिवाज नाही."

"मग बसा सोन्याचा कुत्रा घेऊन!" सगुणी कडाडली. "रोज घ्या त्याचा मुजरा. तो काही आता भुंकायचा नाही तुमच्यावर."

 राजाने मान खाली घातली. त्याला रडू येत होतं आणि सिंहासनावर रडायची सोय नव्हती. तेव्हा धुंडोपंतांनीच पोथीची पानं भराभर उलटली. त्यांच्या खळ्यावरही चाळीस पोती ज्वारी पडली होती, शेवटी पंत झाले तरी पोट काही सुटत नाही. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"एक रिवाज आहे, महाराज. 'आईच्या घरात सरदारकी नाही. आईपुढे राजाही अनवाणी.' पण बाई, याला तुम्ही जन्म दिलात काय?"

"दूध पाजलं."

पंतांनी पोथी मिटली. "दूध पाजलं ती आई. न्या."

"आणि माझं घर म्हणजे नुसती झोपडी नव्हे," सगुणी जाता जाता म्हणाली. "शेळ्या चरतात तिथवर माझं घर."

भोयांनी पालखी सगुणीच्या अंगणात ठेवली. तिने झुपक्याला दोन्ही हातांनी उचलून मातीत ठेवलं. केवढा जड झाला होता! पाय भुईला लागले तसा तो थरथरला. सगुणीने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि मनसोक्त रडून घेतलं. मग पदराने नाक पुसलं आणि कामाला लागली.

पालखीमागून राजवाड्याचं ताट आलं. तिने ते परत पाठवलं. झुपक्यापुढे मातीच्या परळात गार पाणी ठेवलं, बाकी काही नाही. तासाभराने आचारी घाबरा झाला.

"बाई, सरदारांना उपाशी ठेवता?"

"भूक लागू दे. पंधरा दिवसांत त्याला भूक लागलीच नाहीये, तर चव कुठून लागेल?"

दुपार गेली. झुपक्या पाणी प्यायला, झोपला, उठला, पुन्हा पाणी प्यायला. उन्हं कलली तशी सगुणीने चूल पेटवली. हाडं उकळली, बाजरीची भाकरी थापली, लाल भोपळ्याच्या दोन फोडी शिजवल्या. कान सोन्याचे असले तरी नाक कुत्र्याचंच होतं. ते हललं. सगुणीने भाकरी कुस्करून भिजवली, पण परळ पुढे ठेवला नाही. एक घास पेंढ्यात लपवला, एक उखळाआड, एक शेळीच्या पायाशी. झुपक्या जागचा उठला. हुंगत हुंगत त्याने पहिला घास शोधला, मग दुसरा, मग शेळीला ढुशी देऊन तिसरा. तेवढ्यात त्याला खरी भूक लागली आणि तो थेट चुलीपाशी आला. परळाला नाक लावलं आणि सगुणीकडे पाहून "भुक्" केलं. सगुणीने परळ दिला. त्याने असा चाटला की परळावरची नक्षी पुसली जाते की काय असं वाटलं. आणि चाटता चाटता शेपूट हलली, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा.

खट्! पहिला चाप उघडला. राज्यभर एक झुळूक फिरली आणि चुलींचा कोंडलेला धूर बाहेर पडला. लोक दारात येऊन एकमेकांना विचारू लागले, "लागलं का रे अंगाला?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी झुपक्याची पाठ सोन्याची झाली होती. उन्हात ती एवढी चमके की शेळ्या डोळे मिटून घेत. आता पायांचा आनंद हवा होता, आणि पाठीवर मणभर ओझं. सगुणीने त्याला कसंबसं माळावर आणलं. चिंध्यांचा चेंडू टाकला. त्याने तो नुसता पाहिला. काठी फेकली, ती तिलाच आणावी लागली. आठ भोई रिकामेच होते, त्यांना तिने शेळ्यांमागे पळवलं. भोई पळाले, शेळ्या पळाल्या, एक भोई काटेरी झुडपात पडला. झुपक्या जांभई देऊन बसून राहिला.

"सरका," टिटवी म्हणाली. "हे माझ्या घराण्याचं काम आहे."

ती त्याच्या नाकासमोर उतरली, एक पंख मोडल्यासारखा लोंबता सोडला आणि लंगडत, फडफडत चालू लागली. टिटव्या अशाच वैऱ्याला अंड्यांपासून दूर नेतात. हे नाटक त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. झुपक्याची मान ताठ झाली. कुत्र्याच्या जातीला लंगडणारं पाखरू सोडवत नाही, मग तो सरदार असो की नसो. तो उठला. चार पावलं चालला. टिटवी चार पावलं लंगडली. तो दुडदुडला, ती सरपटली. तो धावला आणि ती हातभर पुढे राहिली. मग काय विचारता! ओढा झाला, बाभळी झाल्या, टेकाड झालं, सोन्याची पाठ धडधडतेय, जीभ बाहेर लोंबतेय, मागून आठ भोई आरोळ्या ठोकतायत. शेवटी टिटवी उडून एका दगडावर बसली आणि आपले दोन्ही धडधाकट पंख उघडून दाखवले. झुपक्या तिच्याकडे पाहत धापा टाकत उभा राहिला. फसवलं गेल्याचा त्याला राग आला नाही. त्याने पुढचे पाय खाली टाकले, मागचं अंग वर केलं आणि पुन्हा खेळ म्हणून शेपूट गरगर फिरवली.

खट्! दुसरा चाप उघडला. या वेळी चांगला घटकाभर वारा वाहिला. नदीतल्या होड्या काठाला लागल्या. माळाजवळच्या खळ्यावर एका उन्हाने रापलेल्या म्हाताऱ्याने दोन सुपं ज्वारी उफणून घेतली, तिसरं उचललं तर वारा पडला. त्याने त्याच खळ्यावरून झुपक्याला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी पहाटे शेपटीचा बुंधा पिवळा झाला. सगुणीने जे जे होतं ते केलं. झुपक्याला मांडीवर घेतलं, पोट खाजवलं, पायातले काटे काढले, वात तोंडात धरताना गायची ती ओवी गायली. कान सोन्याचे, त्याला ऐकू काही आलं नाही. पण त्याने तिचा हात चाटला, तिच्या कुशीत डोकं खुपसलं. चाप मात्र हलला नाही. दुपार झाली. सोनं अर्ध्या शेपटीवर आलं.

तेव्हा वाटेवरून निश्चलनाथ आला. उंच, राखाडी, चालताना धूळ न उडणारा. काखेत मंत्रांची सुट्या पानांची पोथी. अंगणाबाहेरच्या दगडावर बसून तो म्हणाला, "मी माझं सोनं न्यायला आलो."

"अजून सूर्य आहे," सगुणी म्हणाली.

"थांबतो. मला घाई कधीच नसते."

सगुणीने झुपक्याकडे पाहिलं. तो तिच्या मांडीवर होता खरा, पण डोळे राजवाड्याच्या वाटेवर. दिवस कलायला लागला होता ना! राजाच्या येण्याची वेळ ती. सगुणीच्या मनात आलं, दूध मी पाजलं, रात्री मी जागले, आणि हा वाट बघतो त्या मुकुटवाल्याची! तिला मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू? पण तो घटकेचाच. तिने टिटवीला हाक मारली.

"राजवाड्यात जा. महाराजांना म्हणावं, एकटे या. मुजरा घ्यायला नव्हे."

राजा निघाला. पण राजेच ते, त्यांना एकटं यायचं कसं ते कुठे ठाऊक! मागे प्रधान, खजिनदार, धुंडोपंत, छत्रवाला आणि अख्खा दरबार. सगुणीने अंगणातून हात दाखवला, तसे बाकीचे बाहेर थांबले. राजाने दाराशी मोजड्या काढल्या, मुकुट काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून शेळीच्या खुंट्याला अडकवला. मग भुईवर मांडी घालून बसला. सात पावलं नाहीत, एकही पाऊल नाही.

"झुपक्या," तो म्हणाला, आणि त्याला आठवलं, याला ऐकू येत नाही. सांगायचं किती साचलं होतं, आणि शब्दांचा उपयोग नव्हता. राजाने आपलं कपाळ कुत्र्याच्या कपाळाला टेकवलं. दोघं तसेच बसले. झुपक्याने त्याला हुंगलं, हात हुंगले, दाढी हुंगली. सोनं शेपटीवर चढतच होतं. चार बोटं टोक तेवढं उरलं. सूर्य टेकडीला टेकला.

निश्चलनाथ दगडावरून उठला.

तेव्हा झुपक्या राजाच्या पुढ्यातून उठला. सोन्याच्या ओझ्याने झुलत झुलत दाराशी गेला, राजाची एक मोजडी तोंडात धरली आणि वळून राजाकडे पाहिलं.

"अरे! माझी मोजडी!" राजा म्हणाला.

झुपक्या दोन पावलं पळाला आणि पुन्हा वळून पाहिलं.

"महाराज, धावू नका!" बाहेरून धुंडोपंत ओरडले. "अख्खा दरबार बघतोय!"

राजाने दरबाराकडे पाहिलं. मग टेकडीवरच्या सूर्याकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा खोचला आणि धावला. अहो, काय धावला! पोट हलतंय, एक पाय चिखलात, एक पाय शेळ्यांच्या लेंड्यांत, आणि तोंडाने "दे इकडे! चोरा! दे!" झुपक्या उखळाला वळसा घालून गेला, राजा उखळावरून गेला. शेळ्या ओरडल्या, टिटवी ओरडली, सगुणी हसता हसता मटकन खाली बसली. राजाचा पाय पेंढ्यावरून घसरला आणि सारं राज्यवैभव उताणं पडलं. तोच झुपक्या मोजडी टाकून त्याच्या छातीवर चढला आणि त्याचं तोंड, नाक, डोळे, दाढी, सगळं चाटून काढलं. राजा गुदगुल्या झाल्यासारखा खिदळत होता. आणि शेपटीचं ते चार बोटं टोक हललं. आधी हळू, मग भराभर, मग दिसेनासं झालं एवढं जोरात.

खट्!

पट्टा गळून पडला. कानांवरचं, पाठीवरचं, शेपटीवरचं सोनं झडून भुसासारखं उडालं आणि खालून तोच तांबूस केसाळ झुपक्या बाहेर आला. आणि वारा सुटला! छत्र उलटं झालं, पागोटी सुटली, प्रधानाची शाल बाभळीवर जाऊन बसली. गावोगावच्या खळ्यांवर माणसं सुपं घेऊन धावली, "आला! आला!" म्हणत ज्वारी उधळू लागली. भूस उडालं, दाणा पडला, राशी मोत्यासारख्या दिसू लागल्या. निश्चलनाथाच्या काखेतली पोथी सुटली आणि मंत्रांची पानं माळभर पांगली. ज्याने जन्मात घाई केली नव्हती तो एका पानामागून दुसऱ्या पानामागे उड्या मारत टेकडीपलीकडे गेला. तो परत कुणाला दिसला नाही. त्याच्या वाड्यातली हरणं मात्र दुसऱ्या दिवशी रानात चरताना दिसली.

राजा पेंढ्यातून उठला. अंगावर भूस, केसांत भूस. सगुणीकडे पाहून त्याने घसा साफ केला.

"सगुणीबाई, तुम्हाला आम्ही—"

"महाराज!" सगुणीने दोन्ही हात पुढे केले. "पालखी नको, सरदारकी नको, अर्धं राज्यही नको. पाया पडते तुमच्या!"

राजा ओशाळला.  मग सिंहासनावरच्या आवाजात नव्हे, साध्या आवाजात म्हणाला, "मग काय हवं तुम्हाला?"

त्या राज्यात असं कुणी कुणाला विचारलेलं धुंडोपंतांच्या पोथीत कुठेही नव्हतं.  सगुणीने झुपक्याच्या पाठीवर हात फिरवला, मऊ, गरम, मातीने माखलेली पाठ.

"माझे गुडघे दुखतात, महाराज," ती म्हणाली. "हा राहील माझ्याकडेच. खायला मी घालीन. पण सकाळी याला माळावर पळवायला माझ्याने होत नाही आता."

"उद्याच चार माणसं नेमतो."

"माणसं नेमू नका."

राजाने तिच्याकडे पाहिलं, मग पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. मोजडी पुन्हा त्याच्या तोंडात होती.

"किती वाजता येऊ?" राजाने विचारलं.

"उजाडताना. आणि अनवाणी या, म्हणजे मोजड्या वाचतील."

राजा आला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, आणि म्हातारा होईस्तोवर येत राहिला. त्याचं पोट उतरलं, कारभारही सुधारला म्हणतात. गोष्ट इथे संपली. आता तुमच्यापैकी ज्याच्या घरी कुत्रं असेल त्याने माझ्या तोंडाकडे बघत बसू नये. उठावं, दार उघडावं, ते कधीचं वाट बघतंय.